इंग्लंडमधल्या खेड्यातले पब आणि त्यांचा उन्हाळा: बिअर, बागेतलं संगीत, खाणं (माहितीचा धागा)

रानजाई

मे ते सप्टेंबर या काळात इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यातल्या पबांचा नूर पालटतो. बागेत बाकं येतात, मागच्या कोठारात बिअरची पिंपं रचली जातात, संध्याकाळी मॉरिस हा इंग्लिश लोकनाच नाचणारे घुंगरू बांधून हजर होतात. इथली मराठी मंडळी सहलीला जातात तेव्हा पुष्कळदा शेवटचा मुक्काम अशा पबातच असतो. तरी शहरातल्या पबच्या हिशेबाने गेलं की फसगत होते, म्हणून जाणकारांनी इथे नेमकी माहिती द्यावी ही विनंती. सुरुवात मी करते.

आधी वेळा. खेड्यातले बरेच पब सोमवारी, कधी मंगळवारीही बंद असतात. काही ठिकाणी दुपारी 3 ते 6 कुलूप असतं. पब उघडा असला म्हणजे स्वयंपाकघर चालू आहे असं नाही: दुपारचं जेवण साधारण 12 ते 2 किंवा अडीच, संध्याकाळचं 6 ते 9 किंवा त्याच्याही आत. रविवारी रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, 12 ला सुरू होतं आणि 4 च्या सुमारास आटोपतं, काही ठिकाणी त्याआधीच मांस संपतं. रविवारी संध्याकाळी 6 ला वीस जणांना घेऊन पोचलात तर वेफर्स आणि शेंगदाण्यांवर भागवावं लागेल.

कार्यक्रमांचे मोठे दिवस म्हणजे बँक हॉलिडेचे, अर्थात सार्वजनिक सुट्टीचे, शनिवार-रविवार-सोमवार: मे चा पहिला सोमवार, मे चा शेवटचा सोमवार आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार. बिअर महोत्सव बहुधा याच दिवसांत बसवतात. मधल्या वारी, विशेषतः जून-जुलैच्या संध्याकाळी, गर्दी कमी आणि उजेड रात्री 9 च्या पुढेपर्यंत. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच संध्याकाळ निवडावी.

दोन जागा उदाहरणादाखल. वूस्टरशरमधल्या ब्रेटफर्टन गावचं फ्लीस इन. लाकडी चौकटीचं हे मूळचं मध्ययुगीन शेतघर 1848 साली पब झालं, आणि लोला टॅपलिन या मालकिणीने 1977 साली मृत्युपत्राद्वारे ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवलं. इथे बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत अशी तिची अट होती असं सांगतात. 2004 साली छपराला आग लागून मोठं नुकसान झालं, पण जिथल्या तिथे दुरुस्त करून पब पुन्हा उभा केला. ईव्हशमच्या खोऱ्यातलं हे गाव शतावरीच्या कोवळ्या कोंबांसाठी, म्हणजे अ‍ॅस्परॅगससाठी प्रसिद्ध. त्याचा हंगाम परंपरेने 23 एप्रिल ते 21 जून. मे अखेरीस फ्लीसच्या अंगणात या कोंबांच्या जुड्यांचा लिलाव होतो, जोडीला बँड आणि मॉरिस.

दुसरी जागा डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळच्या वर्थ मॅट्रॅव्हर्समधलं स्क्वेअर अँड कंपास. 1907 पासून एकाच कुटुंबाकडे आहे. आत काउंटरच नाही, भिंतीतल्या खिडकीतून बिअर आणि पेस्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजी) घ्यायची आणि बाहेर दगडी फरश्यांच्या मेजांवर समुद्राकडे तोंड करून बसायचं. शेजारच्या खोलीत जीवाश्मांचं छोटं संग्रहालय आहे. उन्हाळ्यात गाणंबजावणं नियमित असतं.

बिअर, परवाने, संगीत, शाकाहारी खाणं यांवर ज्याला जे ठाऊक आहे त्याने लिहावं.

पिंपतळ

छान धागा. बिअरचं मी घेतो, कारण उन्हाळी महोत्सवात सगळ्यात जास्त माती तिथेच होते.

पारंपरिक पबात मिळते ती कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर. ही जिवंत बिअर असते. ब्रूअरीतून निघताना तिच्यात यीस्ट असतं आणि पिंपात तिचं शेवटचं आंबणं चालू राहतं. म्हणून ती गाळून, वायू भरून आलेल्या केग बिअरसारखी आली की लावली असं करता येत नाही.

मापं आधी. पिन म्हणजे साडेचार गॅलन, 36 पिंट. फर्किन 9 गॅलन, 72 पिंट. किल्डरकिन 18 गॅलन, 144 पिंट. पिंट 568 मिली. महोत्सवात फर्किनच वापरतात. भरलेली फर्किन 50 किलोच्या आसपास असते, दोन माणसांत उचलता येते. तळाचा गाळ धरून 72 पैकी 68 ते 70 पिंटच विकण्याजोगे निघतात. दुपारभरात 200 माणसं येणार आणि सरासरी दोन पिंट घेणार असतील तर 400 पिंट, म्हणजे सहा फर्किन. अकरा-बारा प्रकार मांडायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळावा, कारण तोटी ठोकल्यावर पिंप तीन दिवसांत संपायला हवं. बिअर जाते तिथे हवा येते, आधी चव सपाट होते आणि मग आंबट. सहातली तीन पिंपं पहिल्या दिवशी उघडावीत, बाकीची तयार ठेवून मागणीप्रमाणे.

आता क्रम. शनिवारी दुपारी प्यायची तर पिंप उशिरात उशिरा बुधवारी घडवंचीवर आडवं बसायला हवं. वरच्या बाजूला भोकाचा लाकडी वा प्लॅस्टिकचा बूच असतो तो शाइव्ह, पुढच्या बाजूला तोटीच्या भोकातला बूच तो कीस्टोन. शाइव्ह वर आणि कीस्टोन खाली, पिंप दोन्ही बाजूंनी पाचर लावून घट्ट. एकदा बसवल्यावर हलवायचं नाही, कारण हलवलं की गाळ पुन्हा उठतो.

शाइव्ह जंतुनाशकाने पुसून त्याच्या मध्याला भोक पाडायचं आणि लगेच मऊ लाकडाची सच्छिद्र खुंटी बसवायची. जास्तीचा वायू तिच्यातून फसफसत बाहेर येतो. फेस येत राहील तोवर तो पुसायचा, खुंटी फेसाने तुंबली की बदलायची. चपळ बिअरला यात पूर्ण दिवस जातो. फेस थांबला की कठीण लाकडाची खुंटी लावायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. मग तोटी. ती बंद आहे ना हे दोनदा बघायचं, आणि लाकडी हातोड्याचा एकच सरळ, ठाम घाव घालायचा. दोन-तीन बिचकते घाव घातले की कीस्टोन अर्धा फुटतो आणि बिअर कारंज्यासारखी उडते. वायू न सोडता तोटी ठोकली तरी तेच होतं.

विक्री चालू असताना खुंटी सैल ठेवायची, नाहीतर आत निर्वात होऊन धार थांबते. रात्री कठीण खुंटी परत घट्ट. पिंप अर्ध्याच्या आसपास आलं की मागची बाजू सावकाश दोन-तीन इंच उचलून पाचर सरकवायची. अगदी शेवटी उचललं तर गाळ थेट तोटीशी येतो.

आणि तापमान. तळघरात 11 ते 13 अंश. बागेतल्या मांडवात जुलैच्या दुपारी 26-27 होतं. 16 च्या वर गेली की यीस्ट पुन्हा जागं होतं, गाळ उठतो, बिअर गढूळ होते. उपाय असे: पिंपाच्या पाठीवर थंड पाणी फिरणारी चटई आणि वर जाड जॅकेट. ते नसेल तर गोणपाट भिजवून पिंपाभोवती गुंडाळायचं आणि पंखा लावायचा, आपल्या माठाचंच तत्त्व. गोणपाट दर तासाला भिजवावं लागतं आणि 4-5 अंशांहून जास्त फरक पडत नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: जुलै-ऑगस्टमध्ये पिंपं दगडी कोठारात किंवा तळघरात ठेवावीत आणि माणसांना आत रांगेला लावावं. बागेतला शोभेचा बार बाटल्या, सायडर (सफरचंदाची दारू) आणि पिम्स (लेमोनेडमध्ये मिसळायचं मद्य) यांसाठी.

सायडर बहुधा 20 लिटरच्या पिशवीच्या खोक्यात येते. सायडर काढताना पिशवी आकसते, हवा आत जात नाही, म्हणून ती आठवडे टिकते. मात्र ती 6 ते 7 टक्के अल्कोहोलची असते हे पिणाऱ्याने लक्षात ठेवावं. पिम्सचं प्रमाण एकास तीन लेमोनेड, त्यात काकडी, संत्रं, स्ट्रॉबेरी, पुदिना. लेमोनेड आयत्या वेळी ओतावं, सकाळीच जग भरून ठेवले तर फसफस जाते आणि पुदिना काळा पडतो.

शाकाहारी_केंट

पिंपतळ, कास्क बिअर शाकाहारी नसते असं ऐकलंय. खरं का?

पिंपतळ

पुष्कळदा खरं. गाळ लवकर खाली बसावा म्हणून आयसिंगग्लास घालतात, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. ते गाळाबरोबर बहुतांश तळाशीच राहतं, पण काटेकोर शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. आता अनेक ब्रूअरी ते न घालता बिअर देतात, पाटीवर ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हीगन’ लिहिलेलं असतं. अशी बिअर थोडी धुरकट दिसते, ती बिघडलेली नसते. बिघडली आहे का ते वासावर ठरवायचं: व्हिनेगरचा वास आला तर निःसंकोच परत द्या, चांगला पब काही न बोलता बदलून देतो. आणि घ्यायच्या आधी चव मागता येते, एक घोट फुकट देतात.

तिसरी_घंटा

परवान्यांबद्दल. मंडळं कार्यक्रम ठरवतात आणि इथे अडकतात.

इंग्लंड-वेल्समध्ये 2003 चा लायसन्सिंग कायदा चालतो. त्यात 2012 च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने आणि 2015 च्या बदलाने मोठी सूट दिली. ज्या पबला जागेवर दारू विकायचा परवाना आहे तिथे, पब चालू असताना, सकाळी 8 ते रात्री 11 या वेळात 500 पर्यंत श्रोत्यांसाठी ध्वनिवर्धकावरच्या संगीताला वेगळी परवानगी लागत नाही. ध्वनिवर्धक नसेल तर श्रोत्यांच्या संख्येची मर्यादाही नाही. मॉरिस नाच आणि त्याचा अविभाज्य भाग असलेलं संगीत तर कायद्याने नाव घेऊन वगळलेलं आहे.

मग नोटीस कधी लागते? पबचं लगतचं शेत परवान्याच्या नकाशात नाही आणि तिथे बार लावायचा आहे, किंवा संगीत 11 च्या पुढे न्यायचं आहे, तेव्हा टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यायची. शुल्क 21 पौंड, एका वेळी कर्मचाऱ्यांसह 499 माणसं, जास्तीत जास्त 168 तास. कार्यक्रमाच्या किमान 10 कामकाजाचे दिवस आधी काउन्सिलकडे. दिल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस यात धरत नाहीत, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे तर नाहीतच. मे च्या कार्यक्रमांना इथेच गणित चुकतं. 5 ते 9 कामकाजाचे दिवस आधी दिलेली उशिराची नोटीस चालते, पण पोलिसांनी किंवा पर्यावरण-आरोग्य विभागाने हरकत घेतली की विषय संपला, सुनावणी नाही. वेळेत दिलेल्या नोटिशीला सुनावणी मिळते.

वर्षाला एका जागेला 15 नोटिसा आणि एकूण 21 दिवस. पबने स्वतःच्या कार्यक्रमांसाठी त्या वापरल्या असतील तर तुमच्यासाठी उरलेल्या नसतात. म्हणून तारीख पक्की करण्याआधी पबवाल्याला हे विचारा.

संगीताची सूट म्हणजे आवाजाची सूट नव्हे. 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली शेजाऱ्याची तक्रार दुपारी 3 लाही ग्राह्य धरली जाते. शिवाय पबच्या परवान्याचा फेरविचार झाला तर ही सूटच काढून घेता येते. एका संध्याकाळसाठी पबवाला इतकी जोखीम का घेत नाही ते यावरून कळावं.

काळी_एक

संगीताचे प्रकार वेगळे आहेत, ते पाटीवरून ओळखता यायला हवेत. ‘लाइव्ह बँड’ म्हणजे ठरवून, पैसे देऊन बोलावलेला ताफा. ‘ओपन माइक’ म्हणजे नाव नोंदवा, दोन-तीन गाणी म्हणा. ‘सिंगअराउंड’ म्हणजे गोल बसून आळीपाळीने एकेक गाणं, धृपदाला सगळ्यांनी साथ द्यायची, गाणाऱ्याच्या वेळी बोलायचं नाही. आणि ‘सेशन’ म्हणजे वाद्यांचा मेळ: फिडल (व्हायोलिन), मेलोडियन आणि कॉन्सर्टिना ही हातातली भात्याची वाद्यं, बासरीसारखी टिन व्हिसल. सेशनमध्ये व्यासपीठ नसतं. वाजवणारे एकमेकांसाठी वाजवतात, ऐकणारे बाजूला बसून पितात. सफकमधलं ब्लॅक्सहॉलचं द शिप हे जुन्या गाण्यांसाठी आणि पदन्यासासाठी नावाजलेलं. डेव्हनमधला सिडमथचा लोकसंगीत महोत्सव 1955 पासून ऑगस्टच्या सुरुवातीला भरतो, तेव्हा गावातल्या पबांत दिवसभर सेशन चालतात. शिकायला याहून चांगली जागा नाही.

पेटी किंवा तबला घेऊन सेशनला बसता येईल का, हा प्रश्न मराठी मंडळींत हमखास निघतो. येईल, पण तयारी हवी. इंग्लिश सेशनच्या बहुतेक चाली डी आणि जी सुरांत, कारण मेलोडियन त्याच दोन सुरांचं असतं. आपल्या भाषेत पांढरी दोन आणि पांढरी पाच. काळी एकचा तबला इथे बसत नाही, तो पांढरी दोनला चढवून न्यावा आणि तुटू नये म्हणून आदल्या दिवशी थोडा चढवून ठेवावा. पेटी 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळलेली आहे का ते घरीच तपासावं. जुन्या पेट्यांचे सूर वरखाली असतात आणि मेलोडियनवाला आपला सूर बदलू शकत नाही.

चालीचा आराखडा ठरलेला: आठ मात्राखंडांचा पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, असे 32. पूर्ण चाल बहुधा तीनदा वाजते आणि न थांबता पुढच्या चालीत उडी. जिग 6/8 असते, दादऱ्याच्या 3+3 वर ती अलगद बसते. रील आणि पोल्काला केरव्याचं अंग चालतं, पण लग्ग्या-लड्या नकोत. दोनदा फक्त ऐकावं, तिसऱ्या फेरीला डग्ग्यावर हलका ठेका धरावा. चर्मवाद्य एका वेळी एकच, आधीच कुणी बोधरान (आयरिश डफ) वाजवत असेल तर थांबावं. आणि बसण्याआधी विचारावं. कोपऱ्यातली रिकामी खुर्ची बऱ्याचदा ठरलेल्या वादकाची असते.

रानजाई

मॉरिसबद्दलही लिहा ना.

काळी_एक

खेड्यातल्या पबांत जास्त दिसतो तो कॉट्सवोल्ड प्रकार. सहा जणांचा संच, नडगीला घुंगरांचे पट्टे, हातात रुमाल किंवा काठ्या. प्रमुखाला स्क्वायर म्हणतात, पत्रव्यवहार पाहणाऱ्याला बॅगमन. मे ते ऑगस्ट प्रत्येक संच आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून गावोगावच्या पबांना भेटी देतो, वेळापत्रक वसंतातच जाहीर होतं. एका पबात अर्धा-पाऊण तास नाच, मग सगळे आत येऊन गातात. त्या गाण्यांसाठी थांबा. ऑक्सफर्डशरमधल्या बॅम्प्टनला मे अखेरच्या बँक हॉलिडेला दिवसभर नाच चालतो, ती तिथली फार जुनी परंपरा आहे.

खमंग

खाण्याकडे वळू.

आधी हे समजून घ्या की पबचं स्वयंपाकघर लहान असतं आणि अडथळा बहुधा तळणीत असतो. दोन टाक्यांची तळणी, एका ताटाला साधारण 200 ग्रॅम चिप्स. चांगले चिप्स दोनदा तळतात: आधी 140 अंशांच्या आत, 5-6 मिनिटं, रंग न येता शिजेपर्यंत. मग 180-190 ला दोन-तीन मिनिटं. घाईत टोपली काठोकाठ भरली की तेल एकदम थंड होतं आणि चिप्स तेल पितात. चाळीस जणांनी चाळीस पदार्थ मागवले तर शेवटच्या ताटाला दीड तास लागतो. म्हणून गटाने चार-पाच पदार्थांतून निवड करून आठवडाभर आधी यादी पाठवावी, आणि त्यात तळणीशिवायचा एक थंड पदार्थ जरूर असावा.

थंड पदार्थात प्लाउमन्स लंच. 100 ते 120 ग्रॅम चेडर किंवा स्टिल्टन, जाड कवचाचा पाव, लोणी, व्हिनेगरमधला कांदा, सफरचंद, ब्रॅन्स्टनसारखं लोणचं. हॅम नको म्हणून सांगता येतं. नाव शेतकऱ्याचं असलं तरी पबच्या पाटीवरचा हा पदार्थ 1950-60 च्या दशकांत चीज आणि दूध व्यवसायाच्या मंडळांनी रूढ केला. चीज फ्रीजमधून अर्धा तास आधी काढलेलं हवं. गार चीज आलं तर ताट तसंच दहा-पंधरा मिनिटं ठेवा, चव खुलते.

हॉग रोस्ट म्हणजे अख्खं डुक्कर भाजणं. 50-60 किलोचं जनावर शंभरेक माणसांना पुरतं, 6 ते 8 तास लागतात, म्हणजे दुपारी 2 च्या जेवणाला सकाळी सहा-सातला पेटवावं लागतं. मांडीच्या सर्वांत जाड भागात 75 अंश यायला हवेत. वरची कातडी कोरडी करून मीठ चोळलं नाही तर ती चामट राहते, कुरकुरीत होत नाही.

बार्बेक्यूत कोळसा पेटवल्यावर 30 ते 45 मिनिटं थांबायचं, वर राखाडी राख आली की मांडायचं. ज्वाळेवर ठेवलेलं बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहतं. मोजणी इथेही 75 अंशांची. गरम ठेवायचं तर 63 च्या वर, थंड 8 च्या खाली. अंडं घातलेली सॅलडं उन्हात मांडायची नाहीत.

ब्रेटफर्टनला गेलात तर शतावरीचे कोंब साधेच मागवा. देठाकडचा निबर भाग मोडून उकळत्या मिठाच्या पाण्यात 3 ते 5 मिनिटं, वर लोणी. कोंब हातात आडवा धरल्यावर किंचित झुकायला हवा, लोंबला तर जास्त शिजला. पहाटे तोडलेला आणि दुपारी शिजवलेला कोंब गोड लागतो, दोन दिवसांनी तीच गोडी उरत नाही. हंगामात तिथे जाऊन खाण्याचं कारण एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

शाकाहारी_केंट

शाकाहारींनी काय काय विचारावं तेही सविस्तर सांगा. ‘व्हेज ऑप्शन आहे’ एवढ्यावर भागत नाही.

खमंग

बरोबर. दिसायला शाकाहारी पण नसलेले पदार्थ बरेच आहेत:

चिप्स: यॉर्कशर आणि आसपास बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे. तेल शाकाहारी असलं तरी त्याच टाकीत मासे तळतात का, हे वेगळं विचारा.
रोस्ट बटाटे: बदक, हंस किंवा बीफच्या चरबीत.
यॉर्कशर पुडिंग: अंडं असतंच, शिवाय साच्यात ड्रिपिंग घालतात.
ग्रेव्ही: भाजलेल्या मांसाच्या रसाची. शाकाहारी ग्रेव्ही वेगळी करतात का ते विचारा.
वेल्श रॅरबिट: चीज-टोस्ट दिसतो, पण त्यात वूस्टरशर सॉस असतो आणि त्यात अँचोव्ही मासा.
नट रोस्ट: बहुधा अंड्याने बांधलेला.
चीज: काही पारंपरिक चीज प्राण्याच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातल्या द्रव्याने, विरजतात. अनेक चेडर आता शाकाहारी रेनेटचे असतात, वेष्टनावर लिहिलेलं असतं.

14 ठरावीक अ‍ॅलर्जनांची माहिती देणं 2014 पासून बंधनकारक आहे. त्यात अंडं, मासे, दूध, शेंगदाणे, इतर सुका मेवा, तीळ, मोहरी, सेलरी वगैरे येतात. मांस त्यात येत नाही. त्यामुळे अ‍ॅलर्जीची यादी वाचून अंडं आणि मासा कळतो, चरबी कळत नाही. ती तोंडानेच विचारावी लागते. प्रश्न असा विचारा: ‘हे कशात तळलंय आणि त्या टाकीत आणखी काय जातं?’ याचं उत्तर चटकन देणारं स्वयंपाकघर विश्वासाचं.

बार्बेक्यूसाठी वेगळी जाळी आणि वेगळे चिमटे मागा. हलूमी चीज सेंटीमीटरभर जाड, तेलाशिवाय, प्रत्येक बाजूला 2-3 मिनिटं. पनीर जाळीला चिकटतं, म्हणून दोन सेंमीचे तुकडे तेलाच्या मसाल्यात अर्धा तास मुरवून, सळईवर. लाकडी काड्या असतील तर आधी अर्धा तास पाण्यात. मक्याची कणसं ऑगस्टमध्ये इंग्लंडचीच मिळतात, लिंबू-तिखट तुम्ही न्या.

तारयंत्र

आवाजाच्या मांडणीबद्दल. शंभर माणसांच्या बागेला 12 इंची दोन स्पीकर पुरतात. खांबावर, कानांच्या वर, तोंड थोडं खाली प्रेक्षकांकडे आणि घरांपासून दूर. बँडच्या पाठीशी पबची भिंत असावी, मोकळं शेत नको. आवाज जोरात झाला म्हणून तक्रार येते त्यापेक्षा खर्जामुळे जास्त येते, कारण खर्ज भिंतीतून आणि लांबवर जातो. मिक्सरवर 100 हर्ट्झच्या खालचं कापून टाका, सब-वूफर आणूच नका. कार्यक्रम सुरू झाल्यावर सर्वांत जवळच्या घराच्या फाटकाशी उभं राहून ऐका. तिथे शब्द कळत असतील तर कमी करा.

विजेचं: बाहेरच्या जोडणीला 30 मिलीअँपिअरचा आरसीडी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. एका 13 अँपिअरच्या प्लगवर साधारण 3 किलोवॅट. चहाचा मोठा बंब एकटाच 3 किलोवॅट खातो, तो आणि साउंड एकाच एक्स्टेंशनवर लावले की पहिल्याच गाण्याला अंधार. केबलचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेलं रीळ तापून वितळतं. 3 बाय 3 मीटरच्या गॅझिबोला प्रत्येक पायाला किमान 20-25 किलो वजन. मऊ जमिनीतल्या खुंट्यांवर भरवसा ठेवू नका, पाऊस पडला की त्या लोण्यातून निघाव्यात तशा निघतात. गिटार उन्हात ठेवलं तर दर गाण्याला जुळवावं लागतं.

काळी_एक

तारयंत्र, तांत्रिक माहिती उत्तम. पण खेड्यातल्या पबला स्पीकर हवेतच कशाला? पन्नास माणसांच्या बागेत मेलोडियन आणि दोन फिडल सहज पोचतात. स्पीकर आला की लोक त्याच्यावर ओरडून बोलतात, मग तो वाढवावा लागतो, मग शेजारी येतो. विनाध्वनिवर्धक संगीतात ही साखळी सुरूच होत नाही.

तारयंत्र

पन्नासपर्यंत मान्य. दोनशे माणसं आणि पिंपांची गर्दी असेल तर मागच्या रांगेला काहीच कळत नाही, आणि उघड्यावर गायकाचा आवाज भिंतीअभावी विरतो. तडजोड अशी: दुपारी 2 ते 5 ध्वनिवर्धकावर बँड, संध्याकाळी कोठारात सेशन. फक्त गायकाला माइक द्यायचा, वाद्यं तशीच, हेही बऱ्याच ठिकाणी पुरतं.

तिसरी_घंटा

तारयंत्रच्या तडजोडीला +१. एक भर: आसपासच्या घरांना दोन आठवडे आधी चिठ्ठी टाकावी, त्यात संपायची वेळ आणि त्या दिवशी उचलला जाईल असा फोन नंबर. शेजारी आधी त्या नंबरवर फोन करतात, काउन्सिलकडे नंतर जातात.

पायवाट

मुलं घेऊन जाणाऱ्यांसाठी: जिथे मुख्यतः दारूच विकली जाते अशा पबात 16 च्या खालच्या मुलांसोबत प्रौढ माणूस लागतो, बाकी पबची स्वतःची वेळमर्यादा असू शकते. 16-17 वर्षांच्या मुलांना टेबलावरच्या जेवणाबरोबर बिअर, वाइन किंवा सायडर घेता येते, विकत मात्र प्रौढानेच घ्यायची. पब तरीही नाही म्हणू शकतो.

ऑक्सफर्डशरला गेलात तर बागेत आंट सॅली बघा. लोखंडी दांड्यावर सहा इंची पांढरी लाकडी बाहुली, दहा यार्डांवरून काठ्या फेकून ती उडवायची, प्रत्येकाला सहा काठ्या. दांड्याला लागून बाहुली पडली तर धरत नाहीत. उन्हाळ्यात मधल्या वारी संध्याकाळी लीगचे सामने असतात, त्या वेळी खेळायला मिळणार नाही, बघायला मिळेल. इतर वेळी बारवर काठ्या मागितल्या की देतात.

पायी जायचं तर ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000 चा एक्सप्लोरर नकाशा घ्या, त्यावर ‘पीएच’ अशी खूण म्हणजे पब. एक्सेटरजवळच्या कालव्याच्या टोकाला असलेल्या द टर्फला गाडीने जाताच येत नाही: पायी, सायकलने किंवा बोटीने. जाण्याआधी पब चालू आहे ना हे फोन करून विचारा. खेड्यातले पब बंद पडतात, मालक बदलतात, आणि नकाशावरची खूण तशीच राहते.

रानजाई

परतीचं काय? खेड्यात टॅक्सी मिळत नाही.

पायवाट

मिळत नाहीच. शनिवारी रात्री 11 ला पब बंद झाल्यावर फोन केला तर जवळच्या गावातली एकुलती एक गाडी आधीच ठरलेली असते. दोन-तीन दिवस आधी वेळ सांगून ठेवा. गट वीसच्या वर असेल तर मिनीबस ठरवणं स्वस्त पडतं. शेवटची बस अनेक खेड्यांत संध्याकाळी 6-7 लाच जाते आणि रविवारी कित्येकदा नसतेच.

गाडी चालवणाऱ्याने एक पिंट चालतो असं धरू नये. 4 टक्क्यांचा एक पिंट म्हणजे 2.3 युनिट (युनिट हे शुद्ध अल्कोहोलचं माप), सायडरचा तीनच्याही वर. इंग्लंडमध्ये रक्तातली मर्यादा 100 मिलीला 80 मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये 2014 पासून 50. सीमेपलीकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चालकासाठी 0.5 टक्क्याची बिअर आता बहुतेक पबांत असते, नसली तर लाइम अँड सोडा मागावा, तो सर्वांत स्वस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचं असेल तर आदल्या रात्रीचेही युनिट मोजा: शरीर साधारण तासाला एक युनिट जिरवतं, म्हणजे रात्री 11 ला चार पिंटांवर थांबलेला माणूस सकाळी 7 लाही गाडी चालवायच्या लायकीचा नसू शकतो. बरेच जुने पब खोल्या देतात, बँक हॉलिडेच्या त्या हिवाळ्यातच भरतात.